अनुभवाचा दाखला आणि आपला इतिहास : खारबावच्या गोदामापासून परदेशाच्या दारापर्यंत

परदेशात कायमचे राहण्यासाठी अर्ज करणाऱ्याला तिथले सरकार एक साधा प्रश्न विचारते : तू आजवर काय काम केलेस, आणि ते कोण सांगतो? शिक्षणाचा पुरावा विद्यापीठ देते. भाषेचा पुरावा परीक्षा घेणारी संस्था देते. कामाचा पुरावा मात्र मालकाने लिहून द्यावा लागतो. कोणी त्याला एक्सपिरियन्स लेटर म्हणतो, कोणी रेफरन्स लेटर, कोणी अनुभवाचा दाखला. भिवंडी तालुक्यातल्या खारबाव आणि आसपासच्या गावांतली आपली शिकलेली मुले-मुली नेमकी या एका पानापाशी येऊन अडतात. पासपोर्ट तयार असतो, इंग्रजीची परीक्षा झालेली असते, आणि मालक म्हणतो, "असलं पत्र आम्ही देत नाही."

ही अडचण ज्याच्या वाट्याला येते त्याला ती आपल्या एकट्याच्या नशिबाची गोष्ट वाटते. आम्हाला ते मान्य नाही. आपल्या माणसाचे काम घ्यायचे, पण त्याची नोंद त्याच्या हाती द्यायची नाही, ही पद्धत गोदामांच्या आधीपासून चालत आलेली आहे. तिच्याविरुद्धची लढाईही जुनी आहे. ती लढाई माहीत असली की मालकाच्या टेबलापुढे उभे राहण्याची रीत बदलते.

एका शब्दाची किंमत

आधी हा कागद काय मागतो ते नीट समजून घेऊ. कॅनडाचे उदाहरण घेऊ, कारण आपली बरीच मुले तिकडेच बघतात. तिथल्या एक्सप्रेस एंट्री पद्धतीत मालकाचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर लागते. त्यात नाव, हुद्दा, नोकरीच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि भत्ते, आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष केलेली कामे लिहिलेली हवीत. खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही, नाव आणि संपर्क हवा. "अमुक व्यक्ती आमच्याकडे कामाला होती, तिची वर्तणूक चांगली होती, तिला शुभेच्छा" एवढ्या चार ओळींच्या पत्राचा तिथे उपयोग होत नाही.

आता यातली मेख बघा. २०२२ पासून तिथे जी वर्गवारी वापरतात तिच्यात प्रत्येक कामाला पाच आकडी क्रमांक आहे आणि शून्य ते पाच अशी पायरी आहे. गोदामात माल उचलणाऱ्याचा क्रमांक ७५१०१, पायरी पाचवी. माल पाठवणे-उतरवून घेणे सांभाळणाऱ्याचा क्रमांक १४४००, पायरी चौथी. याच कामांवर देखरेख करणाऱ्या सुपरवायजरचा क्रमांक १२०१३, पायरी दुसरी. फेडरल स्किल्ड वर्कर या वाटेने जायचे तर शून्य ते तीन याच पायऱ्यांचा अनुभव चालतो, तोही सलग एक वर्षाचा, म्हणजे किमान १५६० तासांचा. म्हणजे पत्रात "हेल्पर" लिहिले की दार बंद. तोच माणूस प्रत्यक्षात पाळीतल्या पंधरा जणांना काम वाटून देत असेल, स्कॅनरवर साठ्याचा हिशेब ठेवत असेल, गाड्यांचे वेळापत्रक लावत असेल आणि तेच पत्रात खरेखुरे उतरले, तर दार निदान किलकिले होते. माणूस तोच, काम तेच. फरक लिहिणाऱ्याच्या लेखणीचा.

मालक नक्की कोण?

खारबाव हे दिवा-वसई मार्गावरचे स्टेशन. इथून भिवंडीच्या बाजूला गेले की पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली हा सगळा गोदामांचा पट्टा लागतो. ही गोदामे इथेच का आली? मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर, पण शहराजवळ ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. त्यासाठी भिवंडी सोयीची होती. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याची गरज कमी झाली आणि मोठ्या गोदामांचे दिवस आले. ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली.

या गोदामात काम करणाऱ्या मुलाच्या अंगावर टी-शर्ट एका नामांकित ब्रँडचा असतो. गळ्यातले ओळखपत्र लॉजिस्टिक कंपनीचे असते. पगाराची चिठ्ठी, मिळाली तर, लेबर कंत्राटदाराची असते. आणि सकाळी हजेरी घेणारा मुकादम कोणाचाच नसतो, तो फक्त मुकादम असतो. अशा वेळी दाखला कोणी द्यायचा? ब्रँड म्हणतो, हा आमचा कामगार नाही. लॉजिस्टिक कंपनी म्हणते, कंत्राटदाराकडे जा. कंत्राटदार म्हणतो, दर अकरा महिन्यांनी तुझे नाव काढून पुन्हा घातले आहे, कोणत्या तारखा लिहू? काम घेताना तीन मालक असतात आणि कागद मागताना एकही नसतो.

भिवंडीच्या यंत्रमागांवर हेच चित्र जास्त जुने आहे. पिढ्यानपिढ्या माग चालवणाऱ्या कामगाराकडे आपण विणकर असल्याचा एक कागद नसतो. घरात बसून कांड्या भरणाऱ्या बाईची तर हजेरीसुद्धा कुठे लागत नाही.

वतनाचा कागद आणि पलटणीचा कागद

आता मागे जाऊ. आपल्या पूर्वजांच्या कामाची नोंद अजिबातच नव्हती असे नाही. गावच्या दप्तरात महारवतनाची नोंद होती. सरकारी वसूल पोचवणे, सांगावा नेणे, गावाची राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे त्या वतनाला चिकटलेली होती. पण ती नोंद जातीची होती, कुळाची होती. अमुक माणसाने अमुक वर्षे अमुक काम निष्ठेने केले, असे त्यात काही नव्हते. त्या कागदाने माणूस दुसऱ्या गावी जाऊन काम मागू शकत नव्हता. उलट तो कागद त्याला गावाला बांधून ठेवत होता. यातली क्रूर गंमत अशी की दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. ज्याच्या शब्दावर गावाची जमीन ठरत होती, त्याच्या स्वतःच्या श्रमाला साक्षीदार नव्हता. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि आपल्याच लोकांना सांगितले की वतनाचा मोह सोडा.

आपल्या हाती आलेला पहिला वेगळा कागद पलटणीचा होता. सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या कागदावर माणसाचे नाव होते, पलटण होती, हुद्दा होता, नोकरीची वर्षे होती. सुभेदार रामजी सकपाळ हे सुभेदार होते, हे गावाने ठरवलेले नव्हते. त्या कागदाबरोबर पेन्शन आली, पलटणीच्या शाळेतले शिक्षण आले, गाव सोडून राहण्याची हिंमत आली. आपल्या चळवळीची पहिली पिढी या पेन्शनरांमधून उभी राहिली, हा योगायोग नव्हे.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी वर्गवारी करून कोरेगावपासूनची सगळी नोकरी एका फटक्यात पुसून टाकली. त्यावर स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. हे अर्ज आज कोणी केवळ नोकरीची याचना म्हणून वाचत असेल तर तो चुकतो. आमच्या वाडवडिलांनी काय काम केले याची नोंद तुमच्याच दप्तरात आहे, ती वाचा आणि त्याप्रमाणे वागा, असे त्यांचे म्हणणे होते. एका अर्थाने आपल्या समाजाने एकत्र येऊन मालकाकडे मागितलेला तो अनुभवाचा दाखलाच होता.

गिरणीतले बंद खाते

सैन्याचे दार बंद झाल्यावर माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. तिथे नोकरी जॉबरच्या हातात होती. तोच भरती करी, तोच काढून टाकी. आणि तिथेही एक खाते आपल्याला बंद होते, ते विणकामाचे. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याने शिवलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त. म्हणजे आपल्या माणसाला काम येत नव्हते म्हणून कागद नव्हता असे नाही. त्याला ते काम शिकूच दिले नाही, मग कागदाचा प्रश्न येतोच कुठे? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. १९३६ साली, जातिव्यवस्था ही तर नुसती कामांची सोयीस्कर वाटणी आहे, या युक्तिवादाचीही त्यांनी चिरफाड केली, कारण तिने माणसांनाच वरखाली कप्प्यांत कोंडले होते.

बाबासाहेबांनाही पत्र लागले

काही मित्र म्हणतात, खरी गुणवत्ता असेल तर शिफारस कशाला? त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांची ओळख पोचवण्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दाचा वाटा होता. कोलंबियातून लंडनला जाताना प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापकांसाठी शिफारसपत्र दिले. एवढी तल्लख बुद्धी, पण तिची ग्वाही देणारे पान सोबत लागलेच. सेलिग्मनच्या जागी विद्यार्थ्याची जात बघून लेखणी खाली ठेवणारा माणूस असता तर? तसली माणसे त्यांना लवकरच भेटली. १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत होते आणि राहायला घर मिळत नव्हते. अशा कचेरीतून कोणता अनुभव आणि कोणता दाखला घेऊन माणूस बाहेर पडणार?

म्हणून त्यांनी पुढे काय केले ते महत्त्वाचे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा आला. नोकरीच्या अटी मालकाच्या मर्जीवर न सोडता लेखी कराव्या लागतील, हा त्याचा गाभा. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांत जे आदर्श स्थायी आदेश दिले, त्यांत नोकरी संपताना कायम कामगाराला सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पुढे कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा आणि १९७१ चे केंद्रीय नियम आले. त्यातल्या ७७ व्या नियमाने, कोणत्याही कारणाने काम संपले तरी कंत्राटदाराने पंधरा क्रमांकाच्या नमुन्यात सेवेचा दाखला द्यायचा, असे बंधन घातले. सेवेचा दाखला हा कायद्याने हक्क आहे, उपकार नाही, हे अर्धशतकापूर्वीच ठरलेले होते. गोदामाच्या गेटवर हे सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

आता नव्या श्रम संहितांकडे बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे लागेल, ही त्यातली चांगली तरतूद आपण दोन्ही हातांनी घ्यावी. पण त्याच संहितांनी स्थायी आदेशांची मर्यादा मूळच्या १०० कामगारांवरून ३०० वर नेली, आणि कंत्राटदारासाठीची मर्यादा २० वरून ५० वर नेली. एकोणपन्नास माणसांचा कंत्राटदार त्या तरतुदींतून सुटला. भिवंडीच्या पट्ट्यात कोणाची माणसे किती तुकड्यांत वाटलेली आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

सरहद्दीवरची वर्गवारी

देशाच्या सरहद्दीवरही हीच लेखणी चालली. १९२२ च्या परदेशगमन कायद्याने कुशल आणि अकुशल असे दोन भाग केले आणि अकुशल कामासाठी जाण्यावर कडक बंधने घातली. वेठीच्या करारावर मजूर नेण्याचा अमानुष धंदा थांबवणे हा हेतू योग्यच होता. पण स्वातंत्र्यानंतर पासपोर्ट देणे हा सरकारच्या मर्जीचा भाग राहिला. त्या काळात "परदेशात देशाची शोभा करतील" असे ठरवून कोणाला पासपोर्ट मिळाला आणि गरीब, खालच्या मानलेल्या जातींच्या माणसांना तो कसा नाकारला गेला, यावर कलाथमिका नटराजन या इतिहास-अभ्यासक महिलेने सविस्तर संशोधन केले आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात येतो असे सांगितले, तेव्हा कुठे पासपोर्ट कायदा आला. बाबासाहेबांच्या घटनेने ते दार उघडले.

तिकडे ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांसाठी तीन प्रकारची व्हाउचर काढली. पहिले, तिथल्या मालकाने आधीच नोकरी देऊ केलेल्यांना. दुसरे, मान्य कौशल्य असलेल्यांना. तिसरे, बाकी सगळ्यांना. दोन-तीन वर्षांत तिसरे बंद झाले. म्हणजे ज्याच्याकडे कौशल्याचा कागद नाही त्याची रांगच संपली. १९६७ साली कॅनडाने गुणांची पद्धत आणली. वंश बघणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ती नक्कीच न्यायाची होती, हे मान्य केले पाहिजे. पण गुण मोजायचे कशावरून? पदवी, भाषा आणि मालकाचे पत्र यांवरून. ज्या समाजाला या तिन्हींपासून शतकानुशतके लांब ठेवले, तो समाज शून्यावरून गुण मोजायला लागतो.

आणि ज्यांना वाटते की परदेशी सरहद्दीवर जात कधी पोचलीच नाही, त्यांनी भगतसिंग थिंद यांचा खटला वाचावा. नागरिकत्वासाठी गोरे असणे आवश्यक होते, तेव्हा आपण उच्च जातीचे आर्य आहोत, हा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९२३ साली न्यायालयाने तो फेटाळला. जात ही शिफारस म्हणून सातासमुद्रापार वापरायचा प्रयत्न कोणी केला, हे इतिहासात नोंदलेले आहे.

जाणे म्हणजे पळून जाणे नव्हे

आपल्याच चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतील, इथे एवढे प्रश्न असताना मुलांना परदेशाची वाट कसली दाखवता? त्यांच्या काळजीचा आम्ही आदर करतो. पण कोणी जावे आणि कोणी राहावे हे मालकाने एक पत्र अडवून ठरवावे, हे त्यांनाही मान्य नसेल. बाबासाहेब गेले नसते तर कोलंबिया आणि लंडनचे ज्ञान घटनेत उतरले नसते. ब्रिटनच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या माणसांनी तिकडे बाबासाहेबांच्या नावाच्या संस्था उभ्या केल्या. समाजाचे ऋण फेडायचे तर ते खारबावात राहूनही फेडता येते आणि टोरंटोत राहूनही. आणि ज्याला कुठेच जायचे नाही, त्यालाही हा कागद लागतोच : दुसऱ्या नोकरीसाठी, कर्जासाठी, अपघातानंतरच्या भरपाईसाठी.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, कागद नोकरी सोडताना मागू नका, नोकरी लागतानाच मागा. नेमणूकपत्र घ्या. हुद्दा बदलला, काम वाढले की तसे लेखी मागा, निदान ई-मेलने. पगार बँकेतूनच घ्या. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक दर महिन्याला बघा. त्यात कंत्राटदाराचे नाव आणि महिने येतात, आणि तारखांचा तो पुरावा मालकाला नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट, पत्राचा मसुदा स्वतः तयार करून न्या. तारखा, तास, पगार आणि प्रत्यक्ष कामे लिहा. खरे तेवढेच लिहा, पण खरे आहे ते सगळे लिहा. आपल्याला आपले काम कमी करून सांगायची सवय लावलेली आहे, ती सोडा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार मिळाला तर तोही जपून ठेवा. कॅनडाच्या अर्जात पत्र का मिळाले नाही याचा खुलासा करून पगारचिठ्ठ्या, बँकेचे उतारे, फॉर्म सोळा, नेमणूकपत्र, सोबत काम केलेल्या वरिष्ठाचे प्रतिज्ञापत्र असा पर्यायी पुरावा जोडता येतो. तो मान्य होईलच अशी हमी नाही, पण हात बांधून बसण्यापेक्षा ते बरे.

तिसरी गोष्ट, एजंटकडून विकतचे पत्र घेऊ नका. खोटी माहिती पकडली गेली तर कॅनडाचा कायदा पाच वर्षांची बंदी घालतो. त्याहून मोठे नुकसान असे की आपल्या खऱ्या कामावर आपणच खोट्याचा शिक्का मारून घेतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती एकट्याने होणार नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याने हमालाची नोंद मालकाच्या वहीतून काढून मंडळाच्या रजिस्टरात नेली. मालक बदलला तरी कामगाराची नोंद कायम राहिली. ही वाट महाराष्ट्राने देशाला दाखवली आहे. गोदामांच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कामगाराची, कांड्या भरणाऱ्या बाईसकट, कामाच्या नेमक्या वर्णनासह अशी नोंद व्हावी, ही आपली मागणी असली पाहिजे. तोवर खारबाव, कामण, भिवंडीच्या प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात आठवड्यातून एक संध्याकाळ या कागदांसाठी ठेवा. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने लिहून द्यावा, ज्याला पासबुक काढता येते त्याने काढून द्यावे.

वलंगकरांनी अर्ज लिहिला तेव्हा त्यांच्यामागे कायदा नव्हता. आज आपल्यामागे कायदाही आहे आणि घटनाही. मालकाच्या टेबलापुढे उभे राहाल तेव्हा हात जोडू नका. हातात मसुदा ठेवा आणि त्यावर सही मागा.

जय भीम!